कोहळं आणि सुतळीचा पूल

दुसरबीडजवळच्या शाळेत सुचिता मॅडमनी तिसरीला पूल बांधायला लावले. दोन बाकांमध्ये हातभर फट, सामान म्हणजे तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, नि सुतळी, आणि वर ठेवायचं तांबडं कोहळं. दहा आकडे मोजेपर्यंत टिकला तो पूल पास!

कोहळं होतं खिचडीवाल्या सोजराबाईंचं. त्या विळा घेऊन दारातच उभ्या. "एक तरी पूल टिकला तं मटकीची उसळ. नाही तं कोहळ्याची भाजी!" आता बोला! कोहळ्याच्या भाजीला अख्खी तिसरी नाक मुरडायची.

तीन पूल मोडले. तिन्ही वेळा मॅडमनी कोहळं वरच्यावर झेललं. राहिली गुलनाज. तिचे अब्बा कय्यूमभाई सुतळीच्या बाजा, म्हणजे खाटा विणतात. तिने तुराट्या बाजूला सारल्या आणि नुसती सुतळीच बाजेसारखी विणून दोन्ही बाकांना बांधली.

"हा पूल हाय का झोळी बे?" सागर खिदळला. त्याचा पूल दोन आकड्यांतच गेला होता, तरी ऐट कायम! सगळ्या वर्गाची उसळ आता गुलनाजच्या गळ्यात.

कोहळं ठेवलं. "एक, दोन, तीन..." अगं बाई! बाकंच एकमेकांकडे सरकायला लागली आणि कोहळं निघालं खाली. सोजराबाईंनी विळा सरसावला.

गुलनाजने नीट पाहिलं. सुतळीचा एक पेडही तुटला नव्हता, बाकंच हलकी पडत होती. घरी बाज कसताना अब्बा काय करतात? सगळ्या भावंडांना बाजेच्या लाकडावर बसवतात!

"बाकावर बसा बे सारे! अर्धे इकडं, अर्धे तिकडं! सागर, तू पहिले, तू जड हायेस!"

धडाधड पोरं चढली. बाकं जागच्या जागी थबकली. "आठ, नऊ, दहा!" असा गलका झाला की पत्रे थरथरले.

सोजराबाईंनी उसळ फोडणीला टाकली. "चला, जेवाले उठा!"

कोणी हलेना. "उठलो तं पूल पडते ना, मावशी!" सागर म्हणाला.

"अरे, कोहळं उचलू या की," मॅडम म्हणाल्या.

"नाही!" सगळे एकदम ओरडले. शेवटी सोजराबाईंनीच बाकाबाकावर ताटं दिली. "तू काऊन उभी व?" त्यांनी गुलनाजला विचारलं.

"माहा पूल हाय. पाहून राह्यली."

"आमचा बी हाय!" सागर भरल्या तोंडाने म्हणाला.

"हाव, तू तं त्याचा खांब हायेस," गुलनाज म्हणाली.

सागरला इतका आनंद झाला की तो टुणकन उठायलाच निघाला, आणि सगळ्या पोरांनी मिळून त्याला पुन्हा खाली दाबलं.