ज्या दंडाला मी बांधला गेलो

मित्रांनो, मी पाऱ्याचा, जुन्या वळणाचा रक्तदाबमापक आहे. तैवानच्या किनाऱ्यावरच्या एका गावात डॉक्टर त्साओबाईंच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. कारखान्यातून आलो त्या दिवशी बाईंनी मला आधी स्वतःच्याच दंडाला बांधून पाहिले. पुढे सारे गाव माझ्या ओळखीचे झाले. "हे खोटं बोलत नाही," असे म्हाताऱ्या म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

एकदा चिउ वेन-शिओंग आला; गाव त्याला आ-शिओंग म्हणे. समुद्रात कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती करणारा. झोप लागत नाही म्हणाला. माझा पारा भराभर चढला, पण बाईंचे लक्ष त्याच्या सुजलेल्या बोटांकडे होते. कालवे फोडताना लागले, असे त्याने सांगितले.

बाईंनी शांतपणे विचारले, "आ-शिओंग, घरात कुणी तुला घाबरतं का?"

त्याने सुजलेली बोटे मुठीत लपवली. मग वादळात कालवे गेली, बायको टोमणे मारते, दारू चढली की भान राहत नाही आणि तिच्यावर हात उठतो, असे सांगू लागला.

"मग बाजारात कुणावर कसा हात नाही उचललास?" बाई म्हणाल्या. "झोपेचं औषध मी देईन. हात उचलायचा की नाही, ते तूच ठरवतोस. आणि ते बदलता येतं, म्हणून तर विचारतेय."

घरात हात उचलणे सोडू पाहणाऱ्या पुरुषांचा एक गट शेजारच्या शहरात जमत असे. तिथे जा, असे बाईंनी सांगितले. त्याच्या बायकोशी, मेइ-युनशी, अशा बायकांना मदत करणाऱ्या दुसऱ्या एक बाई वेगळ्या बोलतील. तिचा जीव सुखरूप राहणे आधी, हेही स्पष्ट केले. तो रागाने उठला, तेही दंडाचा पट्टा न सोडता. मी पडता पडता वाचलो.

पण तो परत आला. गटात जाऊ लागला. मेइ-युन बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा बाईंवर चिडला. बाईंनी तिची बाजू सोडली नाही, आणि त्यालाही दार बंद केले नाही. हळूहळू दारू सुटली. गट मात्र त्याने सोडला नाही.

मध्यंतरी बटणाचे नवे यंत्र आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. ते बिघडले, तेव्हा मला पुन्हा खाली काढले. पहिलाच दंड मेइ-युनचा. ती आपल्या मर्जीने घरी परतली होती. दार लावून घेऊन बाईंनी विचारले, कसे चालले आहे?

"परवा भात करपला, डॉक्टर. मी नुसती हसले. पूर्वी असं काही झालं, की पळायला दार किती लांब आहे ते बघायचे."

मित्रांनो, माझी काच जपा, एवढेच मी आजवर मागत आलो. आता आणखी एक मागतो. घरात कुणाची भीती वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगा. आणि मोठेपणी आपलीच कुणाला भीती वाटते असे कळले, तर लाजून घरी बसू नका. जा, आणि तेही सांगा.