झुलालची भिंत

भिंत पाडायला काढली तेव्हा झुलाल आधी ताईबाईला विचारायला आला. घर त्याचं, जागा त्याच्या बापाची. पण भिंत बांधणारा वना गवंडी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याच्या बायकोला न सांगता त्याच्या हातच्या कामावर घण घालायचा, हे झुलालला बरं वाटेना. पोराच्या लग्नाआधी त्याला स्लॅबचं घर हवं होतं. ताईबाई बाजरी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, पाड. आणि मनात म्हणाली, एकदाची पडू दे.

कारण ती भिंत तिला सुखाने बसू देत नव्हती. वना गेल्यापासून भर दुपारी, गाव दारं लोटून पडलं की झुलालच्या घराकडून आवाज यायचा. टक, टक, टक. थापीच्या मुठीने वीट बसवताना वना असाच तीनदा ठोकायचा. पहिल्यांदा ती उठून बघून आली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पुढे ती उठेनाशी झाली, कानावर पदर ओढून बसायची. मुलाला, आधारला, ती हे बोलली नाही. त्याने तिला भगताकडे नेलं असतं आणि भगताने सांगितलं असतं, मेलेल्या माणसाचं काहीतरी राहून गेलंय.

वना तसा भला माणूस होता, हे गावात कुणीही सांगेल. दोंडाईचा, शिरपूर, पार दीपनगरच्या वसाहतीपर्यंत त्याने भिंती चढवल्या. आठवड्याला घरी आला की पिशवीत शेव-जिलबी आणि अंगाला सिमेंटचा वास. लेक गुंफा धावत जाऊन आधी पिशवीत हात घालायची, मग बापाच्या गळ्यात. ओळंब्याला कुणी हात लावलेला गवंड्याला खपत नाही, पण गुंफा तो दोरीने फिरवत अंगणभर हिंडायची आणि हा शहाणा कौतुकाने बघत बसायचा. सिमेंटने त्याच्या बोटांना चिरा पडायच्या. जेवणं झाली की ताईबाई गोडं तेल कोमट करून त्याचे हात चोळायची आणि चोळता चोळता चार गोष्टी सुनावायची. तो हात पुढे करून मुकाट ऐकून घ्यायचा.

त्र्याऐंशी सालच्या वैशाखात तो झुलालची भिंत चढवत होता. ताईबाईने चुलीसाठी गुंफाला कपाशीच्या काड्या आणायला धाडलं, आणि काड्यांच्या ढिगात पोरीला पान लागलं. सापाचं नाव घेत नाहीत, असंच म्हणतात. घटकाभरात सहा वर्षांची पोर गेली. वनाला निरोप धाडला. वना आला, पण लगेच नाही. निरोप पोचल्यावर त्याने आणखी तीन थर चढवले, मग खाली उतरला. कालवलेला सिमेंटचा माल टाकून गवंडी खाली उतरत नसतो, माल वाया जातो, असं गावाने आपसात समजून घेतलं. ताईबाईने समजून घेतलं नाही. पोर मांडीवर गार पडत होती आणि बाप माल संपवत होता.

त्या दिवसापासून तिने त्याच्या हाताला तेल लावलं नाही. बारा वर्षं. भाकरी वाढली, कपडे धुतले, आधारला वाढवलं, पण तेलाची वाटी पुन्हा कोमट केली नाही. वनाने कधी विचारलं नाही. पावसाळ्यात मोठी सर येऊन गेली की मात्र तो डोक्यावर पोतं घेऊन झुलालच्या भिंतीपुढे जाऊन उभा राहायचा. ती दारातून बघायची. कामाचा एवढा गर्व, म्हणायची. अखेरच्या दिवशीही त्याने पाणी मागितलं नाही, लेकीचं नाव घेतलं नाही. विचारलं ते एवढंच, "झुलालनी भीत उभी शे ना?" ताईबाई तोंड फिरवून बसली. तिच्या उत्तराची वाट बघतच तो गेला.

झुलालने भिंत पाडायला घेतली त्या सकाळी ती तिथे जाऊन बसली. मजूर घामाघूम झाले होते. वनाचा माल असा की वीट फुटायची पण सांधा सुटायचा नाही. वरचा भाग उतरवायलाच दुपार झाली. मग एकाने घण मारला आणि तो तोंडावर पडता पडता वाचला. पुढच्या विटा नुसत्या हाताने निघत होत्या. दोन्ही अंगांनी गिलावा होता, पण विटांच्या मध्ये मालाचा कणही नव्हता. एक थर, दुसरा, तिसरा. चौथ्यापासून पुन्हा घण.

झुलाल चक्रावला. ताईबाई उठून जवळ गेली. तिने एक वीट उचलून उलटसुलट पाहिली. भट्टीतून आली तशीच लालभडक, कोरडी.

वनाच्या हाताखाली जन्मभर माल देणारा म्हातारा पुना समोरच्या ओट्यावर बसला होता. तो काठी टेकत आला आणि म्हणाला, "ताईबाई, मालनी पाटी मनाच हातमा व्हती. मी वर दिधीच नही. मना हातच उचलायना नही."

ताईबाईने वीट पोटाशी धरली.

"वना म्हने, माल दे. मी रडी ऱ्हायंतू. तो रिकामी थापी फिरवत इटवर इट ठेवत गया. ठोके बी. तीन थर झाया, मंग खाले उतरना."

दहाव्यानंतर वना कामावर परत आला तेव्हा पुनाने त्याला ते थर काढून टाकायला सांगितलं होतं. वनाने त्या विटांना हात लावला नाही, त्यांच्यावरच पुढची भिंत चढवली आणि स्वतः गिलावा केला. भिंत पडेल म्हणून मग तो दर पावसात बघायला यायचा.

"माले काबर नही सांगं?" ताईबाईने विचारलं.

पुना काठी टेकून खाली बसला. मग म्हणाला, "मी म्हनं त्याले, सांगी दे. तो म्हने, नको. पोरीले काड्या लेवाले तिनीच धाडेल व्हतं. तिना राग पोरीना बापवर ऱ्हाई तं ती जगी. नही तं सोतालेच खाई टाकी."

मजूर घण टेकवून उभे राहिले. झुलालने त्यांना पाणी प्यायला पाठवलं. ताईबाई विटांच्या ढिगाशी खाली बसली. ऊन डोक्यावर आलं होतं, गाव दारं लोटून पडलं होतं आणि रोज आवाज यायचा तीच ही वेळ होती. तिने कान देऊन ऐकलं. काहीच वाजत नव्हतं. मांडीवरच्या विटेवरून हात फिरवत ती हळूच म्हणाली, "उभी व्हती. चौदा वरीस उभी व्हती तुमनी भीत."

ती वीट तिने पदरात घालून घरी नेली. त्या संध्याकाळी आधार शेतातून आला तेव्हा चुलीवर तेलाची वाटी कोमट होत होती, आणि आई आपले दोन्ही हात मांडीवर पसरून त्या वाटीकडे बघत बसली होती.