झेंझीच्या दारातला रस्ता

झेंझीच्या शेताला माझ्या शेतापेक्षा अवघडपणाचे गुण जास्त, आणि ते मला कधीच सहन झालं नाही. आम्हा टिरोलच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांना सरकार शेत किती अवघड ते बघून मदत देतं. उतार जितका उभा आणि वाट जितकी वाईट, तितके गुण जास्त आणि युरोही जास्त. तिचं घर माझ्या वरच्या अंगाला. तिथवर रस्ता नाही, दूध तारेवरच्या पाळण्यातून खाली येतं. बाकी काय ठेवलंय तिच्यात? बुटांना खिळे बांधून मीही गवत कापतेच की!

मागच्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याच्या, इग्नाझच्या, छातीत कळ आली. त्याला दुधाच्या पाळण्यात बांधून खाली उतरवला. सगळं गाव डोळे पुसत होतं. माझ्या मनात आलं, आता याचेही गुण मिळवील सटवी.

वसंतात तिच्या रस्त्याचा विषय गावसभेत पुन्हा निघाला. रस्ता जाणार माझ्याच कुरणातून, म्हणून मी दरवेळी नाही म्हणत आले होते. या वेळी सगळ्यांच्या आधी माझा हात वर.

घरी आल्यावर माझा नवरा वेन्डेलिन म्हणाला, "तुला झालंय तरी काय? त्या कुरणात तिची शेळीसुद्धा येऊ देत नव्हतीस!"

"रस्ता झाला की तिचे गुण खाली. बघच तू."

"आपलं नाक कापून शेजारणीला अपशकुन नको करूस, बुर्गी."

"माझं नाक शाबूत आहे. तू गोठ्यात जा."

शरदात रस्ता झाला आणि तपासनीस आला. झेंझीचे गुण घसरले. ऐकून मी चक्क सफरचंदाचा केक केला. मग तो आमच्याकडे वळला.

"बाई, तुमचा सगळ्यात उभा तुकडा कुठे गेला?"

"अहो, त्याच्यावरूनच तर तुमची गाडी आली!"

तो हसला आणि माझेही गुण कापले. मी अजूनही तिच्या खालीच. वेन्डेलिन नुसता माझ्या नाकाकडे बघत राहिला.

रविवारी झेंझी घरचं चीज घेऊन आली.

"मदत बरीच कमी झाली का गं?" मी मोठ्या आशेने विचारलं.

"झाली की. जाऊ दे मेली! परवा इग्नाझला पुन्हा कळ आली, तर डॉक्टर गाडीनं थेट दारात. तुझ्यामुळे आज माणूस घरात आहे माझा." तिने माझे दोन्ही हात धरले. "एवढं मोठं मन कुठून आणलंस गं बुर्गी? खरं सांगते, हेवा वाटतो मला तुझा."

झेंझीला माझा हेवा वाटावा, एवढंच तर मला जन्मभर हवं होतं. आणि बाईने तो करून करून केला कशाचा, तर जे माझ्याकडे नव्हतंच त्याचा.