घरची लोकर

राहीच्या डाव्या करंगळीतून लोकर निघते, हे सगळ्यात आधी शेवडेकाकूंच्या लक्षात आलं. पोरगी जिन्यात खेळत होती, काकू भाजी घेऊन वर येत होत्या, आणि कठड्याच्या खिळ्याला पिवळसर धागा अडकलेला त्यांना दिसला. त्यांनी तो दोन बोटांत धरून जरा ओढून पाहिला, तर धाग्यामागोमाग राही दोन पायऱ्या खाली आली. मग तिला हाताला धरून त्यांनी समोरच्या घरी आणलं आणि तिच्या आईला, यामिनीला, म्हणाल्या, "चारपदरी आहे. उत्तम लोकर आहे. वाया घालवू नकोस."

यामिनीनं करंगळी हातात घेऊन पाहिली. नखाच्या जागी टोक लोंबत होतं, आणि वरचं पेर तर जिन्यातच राहिलं होतं, खिळ्याला. राहीला मात्र काही दुखत नव्हतं, तिला बिस्किट हवं होतं.

श्रीरंग, म्हणजे राहीचा बाप, हा शांत माणूस. घरात साप निघाला तर आधी चष्मा पुसेल असा. त्यानं लोकरीच्या टोकाला गाठ मारली, ती त्याच्या डोळ्यांदेखत सुटली. चिकटपट्टी लावली, ती लोकरीसकट गळून पडली. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले की थंडीत मुलांना होतं असं, कापून टाकू. त्यांनी कात्री हातात घेतली मात्र, राही खुर्चीतल्या खुर्चीत पांढरीफटक पडली. यामिनीनं तिला उचललं आणि चपला न घालताच घर गाठलं.

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की ही लोकर कापायची नसते आणि सुटीही ठेवायची नसते. सुटी राहिली की वाऱ्यावर जाते, मांजर नेतं, कुणाच्या केरात जाते. जेवढी निघेल तेवढी विणून ठेवायची, म्हणजे पोर घरातल्या घरात राहतं.

"मला विणता येत नाही हो काकू," यामिनी म्हणाली.

"कोण आईच्या पोटातून शिकून येतं? बस इथं."

आता यामिनीची कथा अशी, की तिनं जन्मात कधी सुईत दोरा ओवला नव्हता. बटण तुटलं की शर्ट बोहारणीला, असा कारभार. तिची आई म्हणायची, या मुलीच्या हाताला भोकं आहेत. त्याच हातांत काकूंनी दोन सुया दिल्या. जिन्यातला धागा सोडवून आणला, अंगठ्याभोवती वेढा घेऊन टाके कसे घालायचे ते दाखवलं आणि मग सुलट टाका शिकवला. सुई घाल, लोकर गुंडाळ, ओढून काढ, जुना टाका सोडून दे. उलट टाक्याला लोकर पुढं घे, बाकी सगळं तेच. एवढंच विणकाम, बाकी सगळी सवय.

पहिली ओळ संपली तेव्हा यामिनीनं ती चाचपून पाहिली. ती कोमट होती. शेवटच्या टाक्यावर करंगळीचं नख होतं, त्यावर दिवाळीतला गुलाबी रंग तसाच होता.

"एकच लक्षात ठेव," काकू म्हणाल्या. "घट्ट विणू नकोस. भ्यालेल्या हाताची वीण आवळते. वीण आवळली की लोकर पुरत नाही, आणि माणूस आखडतं."

हे सांगायला सोपं होतं. पोटचं पोर सुईवर घेऊन हात सैल ठेवा म्हणे! यामिनी प्रत्येक टाका विणला की कचकन ओढून घ्यायची, सुटला तर काय घ्या. सुई दुसऱ्या ओळीला आत शिरेना. तिची बोटं सोलवटली, आणि तरी ती ओढतच राहिली.

शाळेत ताप म्हणून कळवलं. राहीला गॅदरिंगच्या नाचात मोर व्हायचं होतं, तोवर होईल ना, असं ती रोज विचारायची. राही दिवाणाच्या एका टोकाला बसायची, यामिनी दुसऱ्या टोकाला, मधे लोकर. करंगळी संपली, पंजा संपला, फ्रॉकची बाही रिकामी लोंबायला लागली. इकडे यामिनीच्या मांडीवर तोच पंजा, तोच दंड, सुलट उलट, सुलट उलट वाढत होता. श्रीरंग कामावर जाताना दोन्ही टोकांना टाटा करून जायचा.

"आई, माझा कान गेला का?" एकदा राहीनं विचारलं.

"गेला नाही. इकडे आहे, माझ्याजवळ."

"मग त्यात हळू बोल."

दिवाणावरचं तोंड संपलं आणि मांडीवरचं अजून व्हायचं होतं, तेव्हा घरात राहीचा आवाजच नव्हता. यामिनी घामानं निथळत विणत होती. ती मनाशी म्हणाली, देवा, एवढं तोंड होऊ दे, मग पुढचं बघू. अखेर मांडीवरून जांभई ऐकू आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात एक टाका सुटला.

सुटलेला टाका ओळीओळीनं खाली घसरत गेला आणि मधे शिडीसारखी वाट पडली. तेवढ्यात श्रीरंग चहाचा कप घेऊन आला. राहीनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आईला विचारलं, "हे काका कोण?"

श्रीरंगनं कप खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत राहिला. यामिनी अनवाणी समोर धावली. काकू क्रोशाची सुई घेऊन आल्या आणि एकेक पायरी करत टाका वर चढवून दिला. मग राहीनं बाबांकडे एक घोट चहा मागितला. त्या दिवसापासून यामिनी आणखीच घट्ट विणायला लागली. काकूंनी कपाळाला हात लावला.

शेवटी दिवाणाच्या त्या टोकाला नुसता फ्रॉक उरला, आणि एक दिवस लोकर संपली. राही यामिनीच्या मांडीवर होती, पायापासून कपाळापर्यंत, हसतीखेळती. पण हातच्या काकणाला आरसा कशाला, पोर आखडली होती हे दिसतच होतं. गणवेशात घातली असती तर दोन राही मावल्या असत्या. आणि डोक्याचा वरचा भाग व्हायचाच होता. तिथले टाके सुईवर उघडे होते आणि आत अंधार होता. राही म्हणाली, डोक्यात वारा जातोय.

"उसवून पुन्हा विणू या का? सैल?" काकूंनी विचारलं.

यामिनीनं मान हलवली. तिला तो आवाज नसलेला वेळ आठवला. तो पुन्हा काढायची तिची छाती नव्हती. मग तिनं स्वतःच्या उजव्या करंगळीचं नख खरवडलं. फार शोधावं लागलं नाही, टोक लगेच हाती आलं. तीच जात, तोच पिवळसर रंग. दोन्ही टोकं पिळून जोडली आणि बाकीचं डोकं तिनं आपल्या लोकरीनं विणलं. तिची करंगळी गेली, शेजारचं बोटही अर्धं गेलं. वेणी झाली तेव्हा सुईवर एक ओळ तेवढी राहिली होती.

"आता हे बंद कसं करायचं?" तिनं विचारलं.

काकूंनी ती ओळ चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "बंद करायचं मला कुठं येतं गं?" आणि त्यांनी मान वळवून आपला अंबाडा दाखवला. इतकी वर्षं यामिनीला वाटायचं, अंबाड्यात काकू काटा खोचतात. ती विणायची सुई होती, गंजलेली, आणि तिच्यावर पांढऱ्या केसांचे टाके ओळीनं बसले होते. "माझ्या आईलाही येत नव्हतं. सुई काढायची नाही, लोकर तोडायची नाही. तेवढं सांभाळलं की आयुष्य निघतं."

काकूंनी राहीला गणवेश चढवला, तिची वेणी सुईभोवती गुंडाळली आणि वर रिबिनीचं फूल बांधलं. फुलाखालून धागा निघून यामिनीच्या बोटाशी येत होता.

खाली शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. आज शाळेत गॅदरिंग होतं, मोराचा नाच होता. इतके दिवस राहीनं त्याचाच धोशा लावला होता. ती मांडीवरून उतरली आणि गणवेश कमरेशी मुठीत धरून दाराशी गेली.

यामिनी उठून दारात आडवी उभी राहिली. दाराला कडी होती, कडीला कुलूप होतं, किल्ली तिच्याच पदराला होती. पोर घरात राहिली तर धागा दिवाणापासून मोरीपर्यंत पुरला असता, मरेपर्यंत पुरला असता. तिनं धागा मुठीत आवळला. तशी राहीची मान मागं ओढली गेली आणि खांदे आणखी जवळ आले.

"आई, दुखतंय," राही म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं दुखतंय म्हटलं होतं.

काकू मागून एवढंच म्हणाल्या, "हात, यामिनी."

यामिनीला रडू फुटलं. ती भ्याली होती, पहिल्या दिवसापेक्षाही जास्त भ्याली होती, आणि भीत भीतच ती दारातून बाजूला झाली. तिनं मूठ उघडली.

राही धडाधड जिना उतरत गेली. धागा कठड्याला घासत, प्रत्येक वळणावर वळत तिच्यामागं धावला. यामिनीची उरलेली बोटं गेली, मग तळवा, मग मनगट. मनगट गेलं तसा चुड्याला आधार राहिला नाही. हिरव्या बांगड्या एकामागून एक निसटल्या, पायरीवर पडल्या, आणि न फुटता खणखणत खाली निघाल्या.

"आई," खालून राहीचा आवाज आला, "तुझं काहीतरी पडलं."