इंग्रजीत घेतलेलं नाव

मुक्ताबाई ‘इज’पर्यंत आली आणि थांबली. हातातलं पातेलं तिने उगाच फिरवलं आणि आधीच लख्ख झालेल्या जागी पुन्हा राख चोळू लागली.

“माय हजबंड्स नेम इज,” बंगल्याचा खानसामा दत्तोबा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला. “फुडं? फुडं काय?”

“फुडचं तुमास्नी ठावं हाय की, भाऊ.”

“मला ठावं असून काय उपेग? मला न्हाई नवरा हुडकायचा!”

दत्तोबा कांदा चिरायला आत गेला. तो तापट होता, पण बोलत होता ते खोटं नव्हतं. नवरा हुडकायचा होता तो मुक्ताबाईलाच, आणि त्यासाठी त्याचं नाव तिच्याच तोंडून निघायला हवं होतं.

तिचा नवरा कोंडाजी इंग्रजांच्या पलटणीबरोबर हमाल म्हणून बसऱ्याच्या लढाईवर गेला, त्याला दोन पावसाळे होऊन गेले होते. तो ज्या गाडीने गेला ती लोणावळ्याहून सुटली, म्हणून मुक्ताबाईही आंदर मावळातलं घर दिराच्या हवाली करून लोणावळ्याला आली आणि इंग्रजाच्या बंगल्यात कामाला लागली. दिवाळीच्या सुमारास वराळ्याचा अंबाजी लढाईवरून परतला. त्याने कोंडाजीला तिकडच्या दवाखान्यात पाहिलं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि लवकरच बोटीत घालणार म्हणत होते. त्यानंतर ना निरोप, ना सांगावा.

मुंबईच्या बंदरात उतरवलेल्या जखमी माणसांच्या गाड्या घाट चढून पुण्याला जात. चढणीला मागून रेटा देणारं इंजिन लोणावळ्याला सोडायचं असे, तेवढा वेळ गाडी थांबे. कोंडाजी येणार तर असल्याच गाडीने. पण डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या माणसाला लोणावळं आलं काय आणि गेलं काय, सारखंच. तो तिच्या दारावरून पुण्याला जाईल, तिथून आणखी कुठल्या मुलखात नेतील, आणि तिला पत्ताही लागणार नाही.

गाडी आली की फलाटावर पहारा बसे, चिटपाखरू आत सोडत नसत. जात असे ती फक्त बंगल्याची मडम, चहा आणि फळं घेऊन, आणि तिची टोपली धरणारी एखादी मोलकरीण. पण ती मोलकरीण इंग्रजी समजणारी हवी, असा मडमचा दंडक होता.

दंडक तसा जुनाच. मडम विलायतेहून आली त्याच महिन्यात तिने सगळ्या नोकरांना ओळीने उभं करून सांगितलं होतं की, माझ्या बंगल्यात राबायचं तर इंग्रजी शिकावं लागेल. बाकीच्यांनी चार-चार शब्द गोळा केले. मुक्ताबाईने केले नाहीत.

“सातासमुद्रापल्याडनं आली ती,” ती तेव्हा चाळीच्या नळावर तावातावाने म्हणाली होती. “पाव्हनी ती. पाव्हन्यानं घरच्यांची बोली शिकायची, का घरच्यांनी पाव्हन्याची?”

“पाव्हना जेवून हात धुऊन गेला असता, तर येगळी गोष्ट,” शेजारची सरुबाई बोलली. “ह्यो तर घरच बळकावून बसलाय.”

“बसूं दे! माझी जीब काय त्याच्या मालकीची न्हाई.”

या ताठ्यापायी तिचं घरातलं काम सुटलं आणि तिला मागच्या अंगणात भांडी घासायला बसावं लागलं. त्याचं तिला काही वाटलं नाही, उलट चार बायांत मान वाढल्यासारखं झालं. आणि आता तीच मुक्ताबाई राखेच्या हाताने ‘गुड मॉर्निंग’ घोकत होती. सरुबाईने ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून हसली.

“गरजवंताला अक्कल नसती म्हन्त्यात, ते खोटं न्हाई.”

“नसंना, मावशी. पर नवरा तर असंल.”

यावर सरुबाईचं हसू मावळलं. मुक्ताबाई जिद्दीला पेटली की समोरच्याने वाट सोडावी, एवढं तिला ठाऊक होतं.

बाकीचं इंग्रजी मुक्ताबाईने भराभर उचललं. चहा, दूध, पुढे, मागे, थांबा, कृपा करून. दत्तोबाही मनातून खूश होता. गाडी अडायची ती त्या एका शब्दापाशी. लग्नात उंबऱ्यावर अडवलं तेव्हा उखाण्यात तिने नाव घेतलं होतं, तेही ओठांतल्या ओठांत. पुढे कधी घेतलं नाही. त्याच नावाचा एक बैल आजोळी होता, त्यालादेखील ती ‘तांबडा’ म्हणायची. धन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे तिला आईने सांगितलं होतं, आईला आजीने. एरवी घेतलं असतं तरी चाललं असतं, पण आता? लढाईतून जेमतेम जीव वाचलेल्या माणसाचं आयुष्य बायकोनेच तोडायचं?

त्या रात्री चुलीपुढे बसून तिने हा घोर सरुबाईला सांगितला. सरुबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं.

“एक सांगू का?” ती म्हणाली. “तू नाव घेनार, ते इंग्रजीतच ना?”

“व्हय.”

“मंग यमाला कुटं येतंय इंग्रजी?”

दोघी खो-खो हसल्या. पण घरी जाऊन अंथरुणावर पडल्यावर मुक्ताबाईला ती गोष्ट हसण्यावारी न्यावीशी वाटेना. आधी ‘माय हजबंड्स नेम इज’ एवढी वजनदार पेंढी बांधलेली असली, तर त्यात एक नाव यमापासून लपून जाईलही. न गेलं तर? कूस बदलून ती भिंतीकडे बघत राहिली. न गेलं तरी घ्यायचंच, असं तिने शेवटी ठरवलं.

सकाळी मडमने व्हरांड्यात तिची परीक्षा घेतली. ट्रे दाखवला, किटली दाखवली, मुक्ताबाईने धडाधड उत्तरं दिली. मग मडमने नवऱ्याचं नाव विचारलं आणि मुक्ताबाई पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. दत्तोबाने पुढे होऊन आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत रीत समजावली. मडमने त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती जे बोलली, ते दत्तोबाने मुक्ताबाईला जसंच्या तसं सांगितलं.

“ती म्हन्ती, चल. पर मी गोऱ्यांच्या डब्याकडं आसनार. तुमच्या मान्सांचे डबे पार मागं. तितं मी न्हाई, दत्तोबा न्हाई. तितं तुझं तूच बोलायचं.”

“बोलंन,” मुक्ताबाई म्हणाली.

पहिल्या गाडीला तिला आत डोकावताही आलं नाही. दारातल्या शिपायाने टोपली घेतली आणि तिला हाताने मागे लोटलं. दुसरी गाडी आली तेव्हा ती पुढे झाली, पण ‘इज’पर्यंत पोचेतो शिट्टी झाली. घरी येऊन तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

तिसरी गाडी आली ती भर दुपारी. डब्यांवर तांबड्या फुल्या होत्या आणि खिडक्यांतून औषधाचा उग्र वास येत होता. मडम पुढे गेली. मुक्ताबाई टोपली सावरत थेट शेवटच्या डब्यांकडे निघाली. एका दारात पांढऱ्या टोपीची गोरी सिस्टर उभी होती. तिने टोपली आत घेतली, हसली आणि काहीतरी भराभर विचारलं. त्यातला एकही शब्द दत्तोबाने शिकवलेला नव्हता. सिस्टरने मान हलवली आणि जायची खूण केली.

मुक्ताबाई हलली नाही. तिने दाराचा दांडा धरला, छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“माय हजबंड्स नेम इज कोंडाजी!”

म्हटलं आणि तिने डोळे गच्च मिटले.

“येस, सिस्टर.”

आवाज आतून आला. सिस्टर गोंधळून मागे वळली, कारण तिने कोणाला हाक मारली नव्हती. मुक्ताबाईने डोळे उघडले. आवाज खोल गेला होता, खरखरीत झाला होता, पण त्याचाच होता. तो असं का म्हणाला, हेही तिला तिथल्या तिथे उमगलं. दोन वर्षांत बाईच्या तोंडून त्याने स्वतःचं नाव ऐकलं असेल ते असल्याच पांढऱ्या टोपीवाल्यांच्या. बायको नाव घेईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“नो, नो!” सिस्टर म्हणाली, पण मुक्ताबाई तिच्या हाताखालून वाकून आत शिरली होती.

खालच्या फळीवर तो उताणा पडला होता. कपाळापासून नाकापर्यंत पट्टी, दाढी वाढलेली. हाक मारणारी जवळ येईल म्हणून त्याने शहाण्या रोग्यासारखा हात पुढे करून ठेवला होता, नाडी बघायला. मुक्ताबाईजवळचं सगळं इंग्रजी संपलं होतं, आणि मराठीही सुचेना.

“अवो,” ती एवढंच म्हणाली.

त्याची मान झटक्यात वळली.

“कोन?”

“मी हाय. लोनावळं आलंय.”

त्याने चाचपत तिचं मनगट धरलं. बांगड्या बोटांनी मागेपुढे सारल्या, पुन्हा सारल्या. मागचं इंजिन सुटलं तसा डब्याला हिसका बसला, तरी त्याने हात सोडला नाही.

“मगाशी नाव कुनी घेतलं? सिस्टरनं?”

“न्हाई.”

बांगड्यांवरची त्याची बोटं थांबली. रागावला असं वाटून मुक्ताबाई घाईघाईने म्हणाली, “इंग्रजीत घेतलं वो. इंग्रजीत चालतं.”

पट्टीखालचे त्याचे ओठ हलले. हसतो आहे की रडतो आहे, तिला कळेना.

“पुन्यांदा घे,” तो म्हणाला.

सिस्टर दारात खोळंबली होती. शेजारच्या फळ्यांवरचे गडी कोपरावर उठून बघत होते. पुढे शिट्टी झाली. मुक्ताबाईने पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि नाव घेतलं. या वेळी त्याच्या मागेपुढे इंग्रजीचा एक शब्द नव्हता.