काना-मात्रा नसलेली चिठ्ठी

भागीरथेचा नवरा चंद्रभान तुरुंगात विषमज्वराने गेला, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत तो बेसा गावात एका ओळखीच्या शेतावर लपला होता. पोलीस दुपारी थेट तिथे पोचले आणि त्याला घेऊन गेले. तीन महिन्यांनी निरोप आला तो मरणाचाच.

पुढे त्याच्यासोबत कोठडीत असलेला कन्हानचा एक माणूस सुटून आला. त्याने चंद्रभानच्या थोरल्या भावाच्या, चंपतरावांच्या हाती भागीरथेसाठी म्हणून एक घडी घातलेला कागद दिला. कागदावर अक्षर एकही नव्हते, नुसत्या आकड्यांच्या तीन ओळी. चंपतरावांनी तो उलटसुलट पाहिला, डोळे पुसले आणि बायकोकडून, वच्छलाबाईंकडून, भागीरथेला आत पाठवला.

"किनारीच्या धाग्यायचा हिशेब दिसते," ते म्हणाले. "शेवटीबी मागच आठवला पोराले."

घर कोष्ट्यांचे, लुगडी विणणाऱ्यांचे. भागीरथेने त्या आकड्यांवर किनार बसवून पाहिली. दोनदा पाहिली. काहीच जमेना. मग तिने कागद पेटीत ठेवला. आकडे मात्र तोंडपाठ झाले होते.

अकरा वर्षे गेली. चंपतरावांनी तिला काही कमी पडू दिले नाही. ते माग चालवायचे, दोघी जावा सुताच्या कांड्या भरायच्या. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर सारखा करून ती खाली पाहूनच वावरे. पण या घरात आपल्याला आधार आहे, हे ती माहेरी गेल्यावर सगळ्यांना सांगे.

त्रेपन्न साली नागपुरात, त्यांच्या पाचपावलीत, बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. दुपारी दोन ते चार, देवळाच्या ओसरीवर. शिकवायला शहराच्या सदर भागातून यमुताई येत. दोघी जावा एकाच पाटीवर शिकू लागल्या. वच्छलाबाई वयाने मोठ्या, पण अक्षर ओळखण्यात त्याच पुढे.

एके दिवशी यमुताईंनी फळ्यावर मुळाक्षरे मांडली, एका ओळीत पाच. डाव्या बाजूला ओळींचे आकडे घातले, वर घरांचे. आणि खेळ सुरू केला. "तिसरी ओळ, दुसरं घर?"

"ठ!" बायका ओरडल्या.

"चौथी ओळ, पहिलं?"

"त!"

भागीरथेच्या हातातली पेन्सिल थांबली. चंद्रभाननेही अटकेआधी तिच्यासाठी पाटीवर अशीच पाच-पाच अक्षरे मांडली होती; शिकणे तिथेच राहिले होते. चौथी ओळ, पहिले घर. एक्केचाळीस. कागदावर एक्केचाळीस दोनदा होते. आणि त्या कागदावरच्या एकाही आकड्याच्या शेवटी सहा, सात, आठ, नऊ नव्हता. शून्यही नव्हते. अकरा वर्षांत हे तिला खटकले कसे नाही?

वर्ग सुटला तशी ती वच्छलाबाईंचा हात ओढत म्हणाली, "बाई, थांबा. थो हिशेब नोहे जी. थे अक्षरं हायेत. तुरुंगातून यायनं मले चिठ्ठी लिहिली होती!"

"खरंच काय वं?" वच्छलाबाईंचे डोळे भरून आले. "अकरा वर्सं तुले वाचता नाही आली, माय!"

भागीरथा धावत घरी जाऊन कागद घेऊन आली. ओसरीवर आता कुणी नव्हते. फळा अजून पुसलेला नव्हता. भागीरथा आकडे सांगू लागली आणि वच्छलाबाई फळ्यावर बोट फिरवत अक्षर शोधू लागल्या. दोघींना हसू येत होते. तो काय म्हणाला असेल? आठवण काढली असेल, दुसरे काय!

"एकवीस."

"च."

"एक्कावन्न."

"प."

"एक्केचाळीस."

"त," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे बोट फळ्यावरच राहिले. चंपत. नवऱ्याचे हे नाव त्या आजवर कधी तोंडाने बोलल्या नव्हत्या. "घे पुढचं," त्या हळूच म्हणाल्या. "भावाचं नाव लिहिलं असन. ह्यायले काही सांगतलं असन."

बावन्न. एक्केचाळीस. बासष्ट.

"फ. त. र." काना-मात्रा नव्हतीच, ती लावून वाचायची होती. वच्छलाबाईंनी अक्षरे दोनदा पुटपुटली. "फितूर," त्या म्हणाल्या आणि फळ्याखालीच बसल्या.

दुसरी ओळ भागीरथेने स्वतःच लावली. चौदा, बासष्ट, बहात्तर, तेहेतीस. घर सोड.

तिला रडू आले नाही. रोज सकाळी ज्या हाताने सूत मोजून तिच्यापुढे ठेवले, तो हात तिला दिसत होता. बेसा गावातले ते शेत घरातल्या चौघांनाच ठाऊक होते. आणि हा कागदही चंपतरावांच्याच हातून तिच्यापर्यंत आला होता!

"उठा, बाई," तिसरी ओळ तशीच सोडून ती म्हणाली.

"मी इचारतो त्यायले," वच्छलाबाई म्हणाल्या. "मीच इचारतो."

चंपतराव मागावर बसले होते. वच्छलाबाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला आणि पहिली ओळ अक्षर-अक्षर करून वाचून दाखवली. सूत फिरवणारा धोटा चंपतरावांच्या हातातून सुटून मागाखालच्या खड्ड्यात पडला.

"खोटं हाये म्हना," वच्छलाबाई म्हणाल्या. "एकदा म्हना नं जी."

"पोलीस माग जप्त करू म्हनत होते," चंपतराव म्हणाले. "पंधरा दिवस आत ठेवू, मंग सोडून देऊ, असं सांगतलं होतं मले. पोरगं घरी येईन, सुधरून जाईन, असं वाटलं. थो मरन असं कोनाले माहीत होतं?"

भागीरथेने अकरा वर्षांत पहिल्यांदा भासऱ्याकडे मान वर करून पाहिले. "मले सूत मोजून देत होते तवा आठवत होतं का तुमाले?"

"रोज," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिने लुगडी बांधली. उमरेडला तिचा भाऊ शालिकराम होता, त्याच्याकडे माग होता. दारात पाहते तर वच्छलाबाईही गाठोडे घेऊन उभ्या.

"तुमी काहून येता? चिठ्ठी मले आली."

"वाचली तं मी," वच्छलाबाई म्हणाल्या.

उमरेडला पोचल्यावर भागीरथेने तिसरी ओळ लावली. बहात्तर, तेरा, पंचेचाळीस, अकरा. सांगू नको. मरायला टेकलेल्या माणसाने भावाची अब्रू झाकली होती, आणि तिने ती त्या भावाच्याच बायकोकडून उघडी करवली होती. हा धक्का तिला पहिल्यापेक्षाही जड गेला. शालिकरामने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "इकडे काम भेटन म्हून आलो."

पोळ्याच्या सुमारास चंपतरावांनी अंथरूण धरले. वच्छलाबाई परत गेल्या. भागीरथेने त्यांना अडवले नाही. मोटार-स्टँडपर्यंत गाठोडे तिनेच उचलून नेले. पुढे वच्छलाबाईंची पत्रे येत राहिली, स्वतःच्या हाताने लिहिलेली, साध्या अक्षरांत. चंपतराव आता चालू-फिरू लागले, असे एका पत्रात होते. भागीरथा प्रत्येक पत्राला उत्तर पाठवी. त्यात जावेची खुशाली विचारी, सुताचा भाव लिही. नागपूरला मात्र ती पुन्हा गेली नाही.