शिशाखालचा पोचा

जुनी गाडी घ्यायची की नाही, याचा निकाल थोरला कानाने लावायचा. हातोडीची लाकडी मूठ पत्र्यावर ठोकायची आणि ऐकायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला खोकतो, आणि आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग फासलेला असेल तर तोंड शिवल्यासारखा गप्प बसतो.

ही गाडी साठ वर्षांची, काळी, लांब नाकाची. एका म्हाताऱ्या कंत्राटदाराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. विकायची आहे, असा निरोप त्याने स्वतःच दोघा भावांच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात पाठवला होता. आता तो खुर्चीत बसून बघत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. फळीसारखा पुढे पसरलेला असे.

"दादा, डॉक्टरकी पुरे," धाकटा म्हणाला. "रोगी ठणठणीत आहे. हो म्हण आणि मोकळा हो."

धाकटा रंगारी. त्याच्या डोक्यात गाडी कधीच तयार झाली होती. छप्पर कापून उघडी करायची, आत तांबडं कातडं, बाहेर मोरपंखी रंगाचे सहा हात. गेल्या वर्षी अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, वारले, तेव्हापासून त्याचं दुकानात चित्त नव्हतं. हमरस्त्यावरच्या मोठ्या कारखान्याने त्याला बोलावलं होतं. त्याने भावाला तोंडावर सांगितलं होतं, "ही एक गाडी दोघांनी मिळून करू. नाहीतर एक तारखेपासून मी चाललो." थोरल्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. जे काय होतं ते हा भाऊच. त्यामुळे तो इथे यायच्या आधीच मनातून हो म्हणून बसला होता. ठोकून बघणं ही नुसती सवय.

त्याने खिशातलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवलं. दारं, बॉनेट, छप्पर. चुंबक सगळीकडे चिकटून चालत होतं. डाव्या मडगार्डवर आलं आणि सुटून खाली पडलं.

"लांबी?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याने स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला. खाली राखाडी, मऊ, चमकणारं काहीतरी होतं. लांबी नव्हे, शिसं. ज्योतीवर शिसं वितळवून, लाकडी फळीने पोच्यात लिंपून, वर कानस मारायची ही जुनी पद्धत. गावात ती एकालाच येत होती. कानशीचे ओरखडेही उलट्या अंगाने गेलेले, डावखुऱ्या माणसाने मारल्यासारखे. अण्णा डावखुरे होते.

अण्णांची आणखी एक खोड होती. दुसऱ्याचं फसलेलं काम कुणी आपल्या माथी मारू नये म्हणून प्रत्येक कामाच्या आतल्या बाजूला ते आकड्यांचे पंच ठोकून तारीख घालायचे. थोरल्याने मडगार्डखाली हात घातला, चिखल पुसला आणि बोटांनी आकडे चाचपले. बारा तारीख. महिना. साल.

दुकानात भिंतीवर त्यांच्या बहिणीचा, चिमीचा, फोटो होता. सहा वर्षांची पोर. रस्ता ओलांडताना एक गाडी तिला उडवून न थांबता निघून गेली होती. फोटोखाली तारीख होती. हेच साल, हाच महिना, तारीख सहा. तेव्हा थोरला दहा वर्षांचा होता आणि धाकटा आईच्या पोटात.

थोरल्याने हात बाहेर काढला. "नको," तो म्हणाला. "सडलीय. चल."

"कुठे सडलीय?"

"चल म्हणतो ना!"

"हात एवढ्या घाईने का काढलास?" धाकटा वाकला आणि त्याने स्वतःचा हात आत घातला. एकेक आकडा त्याने बोटाने वाचला.

"मी मुद्दामच तुम्हाला निरोप धाडला," कंत्राटदार खुर्चीतून म्हणाला. "कुत्रं आडवं आलं असं सांगितलं होतं तुमच्या वडिलांना. पोर कुणाची ते मला ठाऊक नव्हतं. त्यांना दिव्याच्या कड्यात रिबिनीचा तुकडा सापडला. मला तेव्हा दाखवला नाही. काम पुरं केलं, रंग दिला, तारीख ठोकली. मी किल्लीसाठी हात पुढे केला तेव्हा गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं आणि हा गुडघा फोडला. मी पडलो तरी थांबले नाहीत. मग म्हणाले, पोलिसात मीही जाणार नाही, तूही जायचं नाहीस. मी जिवंत आहे तोवर ही गाडी विकायची नाही, रोज बघायची."

"आणि ते मेल्याबरोबर विकायला काढलीत," धाकटा म्हणाला.

"सुटेन असं वाटलं रे बाबा."

धाकट्याने हत्यारांच्या पिशवीतून घण काढला. पहिल्या घावात पुढची काच गेली. दुसऱ्यात बॉनेट नाकावर बसलं. मग दिवे, दारं, छप्पर. मडगार्ड सोडून तो सगळ्यावर तुटून पडला होता आणि प्रत्येक घावाबरोबर ओरडत होता. "गाडी नीट केली! ह्याची गाडी नीट केली! आणि मला मोडलं!" त्याच्या खांद्याचं हाड वाकडं जुळलेलं होतं. नऊ वर्षांचा असताना अण्णांनी त्याला जॅकच्या दांड्याने झोडपलं होतं. रंगाचा डबा सांडला, एवढ्यावरून. ते एकदाच नव्हतं. पट्टा होता, पाना होता, गरम सायलेन्सर होता.

मग तो वळला. एका लाथेत त्याने खुर्ची उलथली. कंत्राटदार भुईवर आदळला. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं.

"दुसरा गुडघा शाबूत आहे ना?" म्हणत धाकट्याने घण उचलला.

थोरला मध्ये पडला. काय करतोय ते त्याचं त्यालाही कळलं नाही. म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर त्याने आपला उजवा हात आडवा घातला आणि घण हातावर आला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. हाड कातडी फाडून मनगटापाशी वर आलं.

घण खाली पडला.

"आज मध्ये आलास," धाकटा हळू म्हणाला. "ह्याच्यासाठी आलास. तेव्हा का नाही आलास रे, दादा? मी एवढासा होतो. तू दारात उभा असायचास. मला दिसायचास."

थोरला दारात उभा असायचा हे खरं होतं. चिमी जायच्या आधी अण्णा असे नव्हते, हेही खरं होतं. पण ते आता सांगून काय उपयोग?

धाकट्याने फडकं फाडून भावाच्या हाताला घट्ट आवळलं. थोरला कळवळला, तरी धाकट्याने गाठ सैल केली नाही. मग तो म्हाताऱ्याकडे वळला.

"गाडी मी घेतो. एकटा. छप्पर कापणार नाही. सगळी आरशासारखी करीन, आणि शिसं काढून एवढा पोचा उघडा ठेवीन. रोज तुमच्या दारावरून नेईन."

"त्यापेक्षा मार मला," कंत्राटदार म्हणाला.

"ते अण्णांनी करून बघितलं."

धाकटा बाहेर उभ्या त्यांच्या टेम्पोतून शिसं वितळवायचा ज्योतीचा दिवा घेऊन आला आणि मडगार्डपाशी बसला.

"ज्योत एका जागी धरू नकोस," थोरला कसाबसा म्हणाला. "पत्रा वाकेल. मी सांगतो तशी–"

"तू सांगू नकोस. एक तारखेपासून हमरस्त्यावरच्या कारखान्यातले लोक शिकवतील मला. तू तिथे उभा राहा आणि बघ. ते तुला जमतं."

निळी ज्योत फुरफुरली. शिसं आधी घामेजलं, मग ओघळून फरशीवर टपटपू लागलं. खालून पोचा वर यायला लागला. उथळ, गोल, पोराच्या डोक्याएवढा. म्हातारा भिंतीकडे तोंड करून कण्हत होता. थोरल्याच्या हातातून कळ खांद्यापर्यंत चढत होती, फडकं लाल होऊन ठिबकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. पण भाऊ जा म्हणेपर्यंत हलायचं नाही आणि मानही वळवायची नाही, एवढं थोरल्याने ठरवलं.